गोल टेबल, मधोमध रेघ

कोर्टाच्या फायलींना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही. निकाल लागला की फाईल रेकॉर्ड रूममध्ये जाते आणि तिथे तिला सद्गती मिळते. किस्सा मात्र क्लार्कच्या डब्यात बसून घरी येतो. आधी बायकोला सांगून होतो, मग व्याह्यांना, मग सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना. रिटायर होताना मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ बंद पडलं. किस्से चालू आहेत.

नोकरीची शेवटची वर्षं मी नागपुरातल्या एका कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात काढली. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. एखादं भांडण पुराव्यापेक्षा समजुतीनं सुटेल असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते फाईल आमच्याकडे पाठवत. आमच्याकडे निकाल नसे. मध्यस्थ दोन्ही बाजूंना बसवून बोलतं करणार, पटलं तर तडजोडीवर सह्या, नाही पटलं तर फाईल परत. आणि इथे बोललेलं सगळं गोपनीय! म्हणून मी नावं बदलली आहेत. गावंही बदलली असती, पण संत्री बदलता येत नाहीत.

आमच्या मध्यस्थ मेश्राम मॅडम. वकिलीत केस पांढरे झाले, पण आवाज कधी चढला नाही. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा बोर्ड होता : ‘मध्यस्थीचे फायदे. वेळ वाचतो, पैसा वाचतो, नाती वाचतात.’ कपाट ठेवायला नेमकी तीच भिंत रिकामी होती. त्यामुळे तिसरा फायदा कपाटामागे गेला. मी असेपर्यंत तो कोणाला दिसला नाही.

*

सुरुवात टेबलापासून करतो.

मध्यस्थीत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सबब टेबल गोल असावं, असं वरून पत्र आलं. पत्रामागून टेबल आलं. भक्कम, पाय पक्के ठोकलेले. व्हरांडा अरुंद, दार त्याहून अरुंद. चार जणांनी जोर लावला तेव्हा टेबल जागचं हललं नाही, दाराची चौकट मात्र हलली.

शेवटी सुतार आला. त्यानं टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “दोन्हीपैकी एक कापा लागते साहेब. दार सरकारी हाये?”

“टेबलही सरकारी आहे.”

“मंग टेबल कापतो. दाराले परमिशन जास्त लागन.”

मधोमध कापून दोन अर्धी आत नेली आणि खालून पट्ट्या मारून जोडली. समेटाच्या टेबलाची पहिल्याच दिवशी फाळणी झाली! बोटभर रुंद रेघ कायमची राहिली. चौकट हलल्यामुळे दारही त्यानंतर कधी नीट लागलं नाही, आणि माझी खुर्ची बाहेर दाराला लागून. गोपनीयता माझ्या खुर्चीपर्यंत येऊन दमून बसायची.

मी म्हणालो, “मॅडम, रेघेवर टेबलक्लॉथ टाकू या का?”

“राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “कुठं बसायचं ते तरी कळेल लोकांना.”

*

त्या रेघेचं खरं चीज केलं नरखेड तालुक्यातल्या दोन भावांनी. थोरला महादेव, धाकटा वसंता. वडील गेले, संत्र्याची बाग निम्मी निम्मी झाली, पण मधल्या विहिरीचे दोन भाग होईनात. थोरल्यानं विहिरीवर मोठी मोटर बसवली. धाकट्यानं दुसऱ्या दिवशी तिचा स्टार्टर काढून घरी नेला. मोटर एकाकडे, स्टार्टर दुसऱ्याकडे! थोरल्यानं दावा लावला. निकाल लागेपर्यंत कोर्टानं ‘जैसे थे’चा आदेश दिला. म्हणजे आज जे जसं आहे ते तसंच ठेवा, कोणी हात लावू नका.

आता आदेश झाला त्या दिवशी मोटर बंद होती. म्हणजे बंद असणं हेच कायदेशीर झालं! दोन्ही वकिलांनी आपापल्या पक्षकाराला बजावलं, मोटर चालू केली तर कोर्टाचा अवमान. विहिरीत पाणी होतं, बागेत तहान होती, आणि मध्ये कायदा उभा होता.

झाडांवर आंबिया बहाराची फळं नुकतीच धरली होती. उन्हाळाभर पाणी मिळालं नाही तर फळं गळणार आणि मग झाडंही जाणार, हे दोघांना सारखंच कळत होतं. विहीर सोडली तर तेवढीच एक गोष्ट त्यांच्यात सामाईक उरली होती.

पहिल्या तारखेला वसंता आधी येऊन बसला. त्यानं टेबलावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “बाबू, हे रेघ सरकारी हाये का?”

“हो.”

“मंग ठीक हाये. त्याले सांगून द्या, कोपर इकडं नाई आलं पायजे.”

मॅडमनी कागद चाळले. “ह्या प्रतिवादी क्रमांक दोन कोण? अनुसयाबाई?”

“आई हाये,” महादेव म्हणाला. “वारस म्हनून नाव टाका लागते. वकिलानं टाकलं.”

“मग त्या का नाही आल्या?”

“तिले काय समजते कोर्टातलं!” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशीचं हे एकमेव एकमत.

“राहतात कोणाकडे?”

“एक महिना ह्याच्याकडं, एक महिना माह्याकडं.”

विहिरीची वाटणी जमली नव्हती. आईची जमली होती.

*

जनजागृती हाही आमच्या कामाचा भाग. एकदा ‘मध्यस्थीचे फायदे’ या विषयावर कार्यक्रम ठरला. पाहुणे ठरले, तर्री-पोहे ठरले. सकाळी मंचावर बॅनर चढलं आणि सगळे खालून बघतच राहिले. बॅनरवर हातभर अक्षरांत छापलं होतं : ‘मध्यस्थीचे कायदे’.

प्रिंटिंगवाल्याला बोलावलं. मी त्याच्यापुढे माझ्या हातचा कागद धरला. “हे काय लिहिलं आहे?”

“फायदे.”

“आणि तू काय छापलं?”

“कायदे,” तो शांतपणे म्हणाला. “कोर्टाचं काम म्हटल्यावर फायदे कसे असन भाऊ? मले वाटलं तुमची चूक झाली. मी सुधारून दिलं!”

*

प्रताप नगरातले दोन शेजारी. दोघेही पेन्शनर. वरच्याच्या कूलरचं पाणी खालच्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवर पडायचं. भर मे महिन्यात प्रकरण आमच्याकडे आलं. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आमच्या खोलीतला कूलर नुसता घरघरत होता.

खालचे आधी बोलले. “तुमच्या कूलरचा पंप गेला आहे मॅडम. पाणी वर चढत नाही.”

वरचे म्हणाले, “पंप नाही हो, वाळ्याची ताटी चोंदली आहे.”

“पंपच!”

“लावता पैज?”

मॅडम हो-नाही म्हणायच्या आत दोघांनी बाह्या सरसावल्या. एकानं मागची जाळी काढली, दुसऱ्यानं माझ्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागवला. पंपही गेलेला निघाला आणि ताटीही चोंदलेली निघाली, त्यामुळे दोघंही जिंकले. थंड हवा सुटली. दोघांनी कूलरपुढे उभं राहून घाम वाळवला, चहा घेतला आणि हसत हसत एकाच स्कूटरवर बसून घरी गेले. आपल्या भांडणाचं काय, हे कोणीच बोललं नाही.

मी विचारलं, “मॅडम, अहवालात काय लिहू?”

मॅडम हवेकडे तोंड करून डोळे मिटून बसल्या होत्या. “लिहा, चर्चा सकारात्मक झाली. आणि पुढची तारीख पावसाळ्यानंतरची द्या.”

*

वकिलांना मध्यस्थी आवडत नाही असं लोक म्हणतात. खोटं आहे. त्यांना मध्यस्थी फार आवडते, फक्त ती यशस्वी झालेली आवडत नाही.

एक वकीलसाहेब व्हरांड्यात आपल्या पक्षकाराला पढवत होते. “मॅडमसमोर नम्र राहायचं. हो मॅडम, हो मॅडम म्हणायचं. पण कशालाच हो म्हणायचं नाही. समजलं?”

“हो साहेब.”

आत मॅडमनी एकेक मुद्दा काढला. भिंत सामाईक ठेवायची? हो मॅडम. खिडकी बंद करायची? हो मॅडम. खर्च दोघांनी करायचा? हो मॅडम. समोरची बाजू खूश! मॅडमनी कागद पुढे सरकवला. “मग करा सही.”

“हो मॅडम,” तो हात जोडून म्हणाला. सही काही केली नाही.

“करा ना!”

“हो मॅडम. पण वकीलसाहेबांनी कशालेच हो म्हणू नोको म्हणून सांगितलं आहे ना!”

*

आता पुन्हा भावांकडे.

दुसऱ्या तारखेला महादेवनं खिशातून वाटाण्याएवढी हिरवी फळं काढून रेघेच्या अलीकडे मांडली. गळलेली होती. वसंतानं आपल्या खिशातून काढून पलीकडे मांडली. तीही गळलेलीच. कोणाची जास्त वाळली, यावरसुद्धा वाद घालता आला असता, पण दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

मॅडम म्हणाल्या, “माझ्याशी नका बोलू. एकमेकांकडे बघून बोला.”

महादेवनं मान वळवली ती थेट कपाटाकडे. “कपाटा, त्याले सांग, स्टार्टर चोराले लाज नाई वाटली का?”

वसंताही कपाटाकडे वळला. “कपाटा, त्याले विचार, बापाच्या इहिरीवर मोठी मोटर बसवाच्या वक्ती मले काहून नाई विचारलं?”

“कपाटा, त्याले सांग, विचाराले गेलो तं तो सासरवाडीले लिंबाची शिकंजी पिऊन राहिला होता!”

मॅडमनी मध्येच विचारलं, “बोलणं नाही, तर हे सासरवाडीला होते हे तुम्हाला कसं कळलं?”

“स्टेटस पाहतो ना मी त्याचं,” महादेव म्हणाला. “रोज सकाळी. सगळ्यात पयले.”

मग मॅडमनी खासगी बैठक घेतली. म्हणजे एकेकाला एकटं बोलवायचं. नियम असा, की आत सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. वसंताला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं. आत महादेव म्हणाला, “मॅडम, देऊन टाका त्याले पानी. त्याच्याकडची झाडंही माह्या बापानंच लावली. पन मी म्हनलो असं सांगू नोका.”

“का?”

“तो म्हनन, दादा वाकला.”

मग महादेव व्हरांड्यात आणि वसंता आत. “मॅडम, तो स्टार्टर घेऊन जा म्हना त्याले. गाडीच्या डिक्कीत घेऊनच फिरून राहिलो मी. पन मी म्हनलो असं…”

“सांगू नका. माहीत आहे.”

“आन आमच्या वकिलालेही नोका सांगू.”

दोघं गेले. मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. मी काही ऐकलं नव्हतं, तरी विचारलं, “आता कसं, मॅडम?”

“कसं काय! दोघांचं एकमत आहे.”

“कशावर?”

“सांगायचं नाही यावर!”

*

विमानतळाजवळच्या मिहानमधलं एक जोडपं. दोघंही आयटीत. घटस्फोट ठरलेला, तोही अगदी प्रेमानं. लॅपटॉप उघडून दोघांनी एका बैठकीत सगळं वाटून घेतलं. फ्लॅट तिला, गाडी त्याला, कुत्रा शनिवार-रविवार त्याच्याकडे. अडलं ते स्वयंपाकवाल्या मावशींवर! दोघंही म्हणाले, मावशी मला.

दोन तारखा त्यातच गेल्या. तिसऱ्या तारखेला मॅडमनी मावशींनाच बोलावलं. मावशी पदरानं वारा घेत बसल्या.

“मावशी, तुम्हाला कोणाकडे काम करायचं?”

“कोनाकडंच नाई,” मावशी म्हणाल्या. “दोघं एकत्र भांडत जेवते तं मीठ कमी असलं काय आन जास्त असलं काय, त्याइले समजत नाई. एकटं माणूस शांत बसून जेवते. त्याले सगळं समजते!”

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. तारीख मागून घेतली, ती आजवर मागूनच घेत आहेत. मध्ये एकदा मावशी कोर्टाच्या फाटकाशी दिसल्या. मी विचारलं, “कसं चाललं आहे?”

“मस्त! दोघंही भांडून राहिले.”

*

एप्रिल संपत आला. भावांची शेवटची तारीख. ‘मध्यस्थी अयशस्वी’ असा अहवाल मी सकाळीच टाईप करून ठेवला होता, फक्त मॅडमची सही बाकी. चेहरा पाहून अहवाल लिहिण्याइतका अनुभव मला होताच. पेन कोणापुढे ठेवायचं आणि स्टॅम्प पॅड कोणापुढे, हेही मी माणूस दारात उभं असतानाच ओळखायचो.

दोघं भाऊ आले, ते एकाच मोटारसायकलवर! मागे एसटीनं आलेली त्यांची आई. लहानखुरी, अंगावर धुवट नऊवारी लुगडं. मुलं टेबलाच्या एका बाजूला बसली. रेघेच्या पलीकडे म्हातारी एकटी.

“मॅडम,” महादेव म्हणाला, “आमाले अटक तं नाई होनार?”

“का? काय केलं तुम्ही?”

“आमी नाई केलं. आईनं केलं!”

मग जे कळलं ते असं. मागच्या तारखेहून वसंता घरी गेला. तो महिना आईचा त्याच्याकडचा. आईनं विचारलं, काय झालं? वसंता म्हणाला, “काई नाई. जैसे थे.” दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्याच्या डिक्कीतून स्टार्टर काढला, गावातल्या वायरमनला घेऊन विहिरीवर गेली आणि मोटर चालू केली. दोन्ही भाऊ बोंबलत धावले. “आई, कोर्टाचा आर्डर हाये!”

“हाये ना,” आई म्हणाली. “तेच तं करून राहिली मी. जैसे होते तैसे. तुमच्या बापाच्या वक्ती होते तसे.”

तेवढ्यावर थांबली नाही. दोन्ही घरी जाऊन सुनांना सांगितलं, आजपासून महिन्या-महिन्यानं फिरणं बंद, मधल्या जुन्या खोलीत एकच चूल पेटेल, ज्याला जेवायचं त्यानं तिथं यावं. पोलीस पाटील समजवायला आला, तर त्यालाच म्हणाली, “काहून गा, तुले कोर्टाच्या बाहीर जाचं हाये का?” तो पाणी पिऊन परत गेला.

“आणि तुम्ही दोघांनी काय केलं?” मॅडमनी विचारलं.

“काय करन मॅडम? पाट फुटला होता,” वसंता म्हणाला. “पानी सारं धुऱ्याच्या बांधाकडं चाललं. मी वरडलो, ‘दादा, फावडं आन!’”

“म्हणजे बोललात?”

“तोंडातून निंगून गेलं.”

महादेवनं खिशात हात घालून लिंबाएवढं एक हिरवंगार संत्रं टेबलावर ठेवलं. देठाला पान होतं. “हे तोडलेलं हाये मॅडम. गळलेलं नाई.”

मॅडम म्हातारीकडे वळल्या. “आजी, ‘जैसे थे’ म्हणजे जे बंद होतं ते बंदच ठेवायचं होतं. तुम्ही उलटं केलं.”

“असं हाये का?” म्हातारीनं कानामागे हात धरला. “मी अडानी बाई. मले काय समजते कोर्टातलं!”

 मी सकाळी टाईप केलेला अहवाल मॅडमनी फाडला आणि तडजोड सांगायला सुरुवात केली. विहीर सामाईक, मोटर आणि स्टार्टर दोन्ही विहिरीवरच, पाणी पाळीपाळीनं, आणि आई स्वतःच्या मर्जीनं राहील तिथे. दावा आणि त्यातला आदेश दोन्ही संपवावेत, अशी कोर्टाला विनंती. मी कोर्टाच्या नेहमीच्या शब्दांत भराभर टाईप केलं. महादेवनं सही केली. वसंतानं सही केली. मी स्टॅम्प पॅडचं झाकण उघडून पॅड म्हातारीपुढे सरकवलं.

तिनं एका बोटानं ते रेघेवरून माझ्याकडे परत ढकललं. कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ओठ हलत नव्हते. मुलं आईकडे बघत होती, मी मॅडमकडे बघत होतो, मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

“बाबू,” ती म्हणाली, “हे मोटरीच्या कलमात ‘जैसे थे’ लिवलं तुमी. ते खोडा. लोकं त्याचा भलताच अर्थ काढते!”